रिंगण एक, आकडा ज्याचा त्याचा

जिमच्या ग्रुप क्लासला एकदा जरी गेला असाल, तर बर्पी तुम्हाला माहीत असणार. उभे राहा, खाली बसा, हात जमिनीवर टेकवून पाय मागे फेका, पाय परत आत घ्या, उभे राहा. हल्ली वरून एक उडी जोडतात आणि मागून आरोळी येते, ‘चला, अजून वीस!’

गंमत म्हणजे बर्पी ही मुळात एक परीक्षा होती. रॉयल बर्पी हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ १९३०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधन करत होते. कुठलंही यंत्र न वापरता माणसाची तंदुरुस्ती चटकन कशी मोजायची, यासाठी त्यांनी ही हालचाल बेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने जवानांच्या चाचणीसाठी ती उचलली. मापाची ही पट्टी होती. पुढे पट्टीचीच छडी झाली.

एकत्र व्यायामाच्या सगळ्या इतिहासात हीच ओढाताण दिसते. दहा-वीस माणसं एका जागी घाम गाळणार असतील, तर किती करायचं हे कोणी ठरवायचं? पुढे उभ्या असलेल्या माणसाने, की प्रत्येकाच्या शरीराने?

युरोपात १९व्या शतकाने याचं उत्तर देशाच्या बाजूने दिलं. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाला लोळवलं. त्या पराभवाची खुमखुमी मनात ठेवून फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने १८११मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइड भागात उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. डबलबार, आडवे बार, चढायचे खांब आणि तरुणांची झुंबड. ही तरुण मंडळी राजकारणही करू लागल्यावर सरकारने १८२०मध्ये अशा मैदानांवर बंदी घातली, ती १८४२पर्यंत टिकली. दरम्यान स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली व्यायामशिक्षक घडवणारी संस्था काढली होती. स्वीडिश पद्धत शिस्तीची: रांगा, हुकूम, आणि हुकमासरशी सगळ्यांची एकच हालचाल.

शाळांना ही पद्धत फार सोयीची होती. एक शिक्षक, साठ मुलं, साधनांचा खर्च शून्य. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले कितीतरी ब्रिटिश तरुण शारीरिकदृष्ट्या नापास झाले आणि तिथे काळजीचं वातावरण पसरलं. १९०४ साली एका सरकारी समितीने या प्रश्नावर अहवाल दिला. त्यानंतर शाळांच्या कवायतीला जोर आला आणि १९०९चा अभ्यासक्रम तर स्वीडिश वळणाचाच होता. ‘सावधान, विश्राम, एक-दोन-तीन-चार’ करत आपण शाळेच्या मैदानावर जे पीटीचे तास काढले, त्यांचं गोत्र हेच.

कवायतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिने लाखो मुलांना हातपाय हलवायला लावले, हेही खरं. तिचा दोष वेगळाच होता. वर्गातल्या दणकट मुलाला दहा बैठका म्हणजे काहीच नाही आणि आजारातून उठलेल्या मुलाला दहा म्हणजे डोंगर. कवायतीला मात्र दोघंही सारखेच दिसतात.

आपल्या तालमीत हा दोष कमी होता. जोर-बैठका सगळे एकाच जागी मारतात, पण नव्या पोराने किती मारायच्या आणि जुन्या पैलवानाने किती, हे वस्ताद ठरवतात. पोराची चाल बघून, दम बघून, कालची दुखापत लक्षात ठेवून. फक्त त्यासाठी वस्तादाची नजर लागते, आणि ती काही शाळा-कॉलेजात शेकड्यांनी मिळत नाही.

या अडचणीवर इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात तोडगा निघाला. साल १९५३. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, तरी ब्रिटनमध्ये मांस अजून रेशनवरच मिळत होतं. तरुणांना दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा होती, त्यामुळे हुकमाच्या कवायतीचं अप्रूप कोणाला असण्याचं कारण नव्हतं. अशा काळात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. अ‍ॅडमसन या विद्यापीठातल्या दोन शारीरिक शिक्षण तज्ज्ञांनी ‘सर्किट ट्रेनिंग’ची पद्धत बसवली. १९५७मध्ये याच नावाचं त्यांचं पुस्तक आलं.

कल्पना अगदी साधी. हॉलमध्ये गोलाकार नऊ ते बारा ठिकाणं ठरवायची, प्रत्येक ठिकाणी एक सोपा व्यायाम. पायांचा झाला की हातांचा, मग पोटाचा. त्यामुळे एका स्नायूला विसावा मिळतो, पण छातीचा भाता चालूच राहतो. एकाच वेळी बरेच जण फिरू शकतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी असतो.

खरी युक्ती पुढे आहे. सुरुवातीला प्रत्येकाची चाचणी व्हायची: हा व्यायाम तुला जास्तीत जास्त किती वेळा जमतो? आलेल्या आकड्याच्या निम्मा हा त्याचा रोजचा आकडा. समजा, एकीला वीस बैठका जमल्या आणि दुसरीला सहा. पहिली दहा करणार, दुसरी तीन. दोघी त्याच रिंगणात, त्याच क्रमाने, तीन फेऱ्या पूर्ण करणार आणि लागलेला वेळ टिपून ठेवणार. पुढच्या खेपेला तेवढंच काम थोड्या कमी वेळात करायचं. ठरवलेली वेळ गाठली की पुन्हा चाचणी, पुन्हा नवा आकडा.

यात शर्यत आहे, पण ती स्वतःच्या मागच्या आठवड्याशी. तीन बैठका करणारीला खाली मान घालून कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही. तिची फेरी इतरांइतकीच पूर्ण असते. वस्तादाच्या नजरेचं थोडंफार काम इथे एका आकड्याने केलं. त्याच वेळी सोबतही टिकली.

मग ही पद्धत शाळांत, क्लबांत, जगभरच्या जिममध्ये गेली आणि वाटेत बदलली. आकड्याची जागा घड्याळाने घेतली: चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती. १९९६मध्ये जपानचे इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, आणि ‘वीस सेकंद काम, दहा सेकंद थांबा’ हे सूत्र पुढे जगभर पसरलं. तो प्रयोग व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर, प्रयोगशाळेतल्या सायकलवर, दम पूर्ण संपेपर्यंत केलेला होता. काल नाव नोंदवलेल्या माणसासाठी ते सूत्र बनवलेलंच नव्हतं.

घड्याळ स्वतः वाईट नाही. चाळीस सेकंदांत कोणी पंचवीस बैठका माराव्यात, कोणी आठ. तत्त्वतः मोकळीक आहेच. पण मोठ्या आवाजातलं संगीत, आरसा, शेजारचीचा वेग आणि ‘थांबायचं नाही!’ ही आरोळी, या सगळ्यांत आपण नकळत दुसऱ्याच्या आकड्यावर जातो. दोन दिवस जिना उतरता येत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात क्लास सुटतो. मग आपण म्हणतो, ‘आपल्यात चिकाटीच नाही.’ चूक बऱ्याचदा चिकाटीची नसते, मापाची असते.

म्हणून नव्याने क्लासला जाणाऱ्यांनी लीड्सचा तो जुना हिशेब एकदा करून बघावा. एका मोकळ्या दिवशी प्रत्येक व्यायाम आपल्याला नीट किती वेळा जमतो ते मोजा, निम्मा आकडा मोबाइलवर लिहा, आणि पहिले काही आठवडे तेवढाच करा. ट्रेनरलाही आधीच सांगा. चांगला ट्रेनर त्यावर हसणार नाही, उलट पुढच्या चाचणीची तारीख विचारेल.