धातुविरळ बटू दीर्घिका : 'तारुण्य' या कल्पनेचा इतिहास

खगोलशास्त्रज्ञ हेलियमहून जड अशा सर्वच मूलद्रव्यांना 'धातू' म्हणतात. ऑक्सिजनही त्यांच्या लेखी धातूच. महास्फोटातून मुख्यतः हायड्रोजन व हेलियम निर्माण झाले आणि बहुतेक जड मूलद्रव्ये पुढे ताऱ्यांच्या पिढ्यांमधून घडत गेली. तेव्हा ज्या दीर्घिकेत धातू अत्यल्प, ती नुकतीच जन्मली असावी, हा तर्क सहज सुचणारा होता. तो दीर्घकाळ टिकला.

या चर्चेच्या केंद्रस्थानी राहिली ती फ्रिट्झ झ्विकी यांनी नोंदविलेली 'आय झ्विकी १८' ही बटू दीर्घिका. लिओनार्ड सर्ल व वॉलेस सार्जंट यांनी १९७२ मध्ये तिच्या वर्णपटाचा अर्थ लावला. तिच्या वायूतील ऑक्सिजनचे प्रमाण आजच्या मापनानुसार सूर्याच्या जेमतेम तीन टक्के भरते. त्यांनी दोन शक्यता मांडल्या होत्या : एक तर दीर्घिका खरोखर तरुण आहे, किंवा तिच्यात तारे मोठ्या खंडांनी, अधूनमधून जन्मतात. पहिल्या शक्यतेचे आकर्षण अधिक होते, कारण आदिम काळातील दीर्घिकेचे प्रतिरूप शेजारीच सापडल्यासारखे होते.

२००४ मध्ये इझोटोव्ह व थुआन यांना हबल दुर्बिणीच्या प्रतिमांत वृद्ध तांबडे राक्षसी तारे आढळले नाहीत. त्यांनी दीर्घिकेचे वय फार तर ५० कोटी वर्षे ठरविले. परंतु २००७ मध्ये अलेस्सांद्रा अलोइसी व सहकाऱ्यांना अधिक सखोल निरीक्षणांत तेच तारे दिसले. सेफीड ताऱ्यांवरून अंतर निघाले सुमारे ५.९ कोटी प्रकाशवर्षे, म्हणजे पूर्वीच्या अनुमानापेक्षा जास्त. तारे होतेच, ते अंधुक असल्यामुळे निसटले होते.

दीर्घिका जुनी, तर मग अविकसित का? याचे उत्तर परिसरात शोधले जाऊ लागले. १९८१ मध्ये कर्शनर व सहकाऱ्यांनी भूतप तारकासमूहाच्या दिशेने एक प्रचंड पोकळी दाखवून दिली होती. अशा विरळ प्रदेशात शेजाऱ्यांशी गाठी कमी पडतात आणि वायू ताऱ्यांत रूपांतरित न होता साठून राहतो, असे मानता येते. रशियातील सिमॉन पुस्टिलनिक व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लिंक्स-कर्क पोकळीतील दीर्घिकांची धातुमात्रा इतरत्रच्या तुल्यतेज दीर्घिकांपेक्षा सरासरी सुमारे ३० टक्के कमी असल्याचे मांडले. २०१५ मध्ये कॅथरिन क्रेकेल व सहकाऱ्यांना मात्र त्यांनी तपासलेल्या पोकळीतील दीर्घिकांमध्ये असा ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे पोकळी हेच एकमेव कारण मानणे घाईचे ठरेल.

या वादात नारायणगावनजीक खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा वाटा लक्षणीय आहे. एकटा बी. व जयराम चेंगलूर यांनी २०१० मध्ये अशी शक्यता पुढे आणली की, परस्परांच्या गुरुत्वीय ओढीमुळे बाहेरचा धातुविरळ वायू आत मिसळूनही धातुमात्रा कमी दिसू शकते. २०१३ मध्ये चेंगलूर व पुस्टिलनिक यांनी लिंक्स-कर्क पोकळीच्या मध्याजवळील तीन दीर्घिकांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. सर्वांत अंधुक दीर्घिकेत हायड्रोजन वायूचे वस्तुमान व निळ्या प्रकाशातील तेजस्विता यांचे गुणोत्तर, सौर एककांत, सुमारे २५ होते. उरलेल्या दोन दीर्घिका, एवढ्या निर्जन जागी असूनही, एकमेकींशी झुंजत होत्या.