हाडांनी दिलेली साक्ष

लहान मूल धडपडते, त्याचे गुडघे फुटतात, कपाळाला टेंगूळ येते. यात नवल काहीच नाही. परंतु ज्या अर्भकाला अद्याप कुशीवरही वळता येत नाही, त्याच्या मांडीचे हाड मोडले तर ते कोणी मोडले, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. वैद्यकशास्त्राने मात्र हा प्रश्न उघडपणे विचारावयास फार विलंब लावला.

पॅरिसचे न्यायवैद्यक आंब्रवाज तार्द्यू यांनी १८६० साली छळ झालेल्या ३२ मुलांची प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ मुले दगावली होती. अंगावरचे वळ, भाजल्याचे डाग, मोडलेली हाडे, मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त, हे सारे त्यांनी बारकाईने नोंदविले होते. छळणारे पुष्कळदा जन्मदाते आईबापच होते. या मुलांच्या चेहऱ्यावरची विलक्षण खिन्नताही तार्द्यूंच्या नजरेतून सुटली नाही; मूल त्या घरातून हलविले की ती झपाट्याने ओसरते, असे त्यांनी लिहून ठेवले. एवढे सांगूनही समव्यवसायी मंडळी जागची हलली नाहीत. आईबापांच्या मायेविषयी संशय घेणे हेच तेव्हा पाप वाटत असावे!

पुढे १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि बोलता न येणाऱ्या मुलाची हाडे बोलू लागली. न्यूयॉर्क येथील बालरुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ साली सहा अर्भकांची हकीकत मांडली. या सहा जणांच्या हातापायांच्या हाडांत मिळून २३ अस्थिभंग होते, आणि मेंदूच्या आवरणाखाली जुने रक्त साचलेले होते. मुडदूस, स्कर्व्ही अशा हाडे दुबळी करणाऱ्या रोगांचा मागमूस नव्हता. मूल पडल्याचे कोणी सांगत नव्हते. एका मुलाच्या बाबतीत ते आईबापांना नकोसे होते एवढे कॅफींनी नमूद केले, पण पुरावा अपुरा म्हणून निष्कर्ष काढला नाही. ही सावधगिरी शास्त्रज्ञाला शोभणारी खरी. परंतु तिची किंमत मोजावी लागली ती मुलांना.

कॅफींचेच शिष्य सिल्व्हरमन यांनी १९५३ साली, आणि वूली व इव्हान्स यांनी १९५५ साली ही कोंडी फोडली. घर बदलले की नवे अस्थिभंग थांबतात, तेव्हा दोष हाडांत नसून घरात आहे, हे आता स्पष्टपणे मांडले गेले.

लोकांना खरा धक्का बसला तो १९६२ च्या जुलै महिन्यात. नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेले डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या प्रकाराला नाव दिले: 'मारहाण झालेल्या बालकाचा लक्षणसमूह'. ७१ रुग्णालयांकडून त्यांना एका वर्षातील ३०२ मुलांची माहिती मिळाली होती. ३३ मुले मृत्यू पावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. नाव मिळताच दुर्लक्ष करणे अवघड झाले. १९६७ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा संशयाची वर्दी देण्याविषयी कायदे केले.

ओळखावयाचे ते कसे? मोडलेले हाड सांधताना त्याभोवती नवे हाड धरते आणि त्यावरून जखमेचे वय साधारण कळते. एकाच मुलाच्या अंगावर काही जुन्या, काही ताज्या जखमा दिसल्या, तर 'काल पाळण्यातून पडला' ही हकीकत टिकत नाही. बरगड्यांचे मागील बाजूचे भंगही तान्ह्या मुलात सहसा आपोआप होत नाहीत.

मात्र येथे उतावीळपणा घातक ठरतो. आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या कमरेवर, पाठीवर जन्मतःच निळसर डाग असतात. अनोळखी डोळ्यांना ते माराचे वळ वाटतात. जन्मजात ठिसूळ हाडांचा विकारही आहेच. मूल जोराने हलविल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे १९७१ साली मांडणारे इंग्रज मेंदूशल्यवैद्य गथ्केल्च यांनाच उतारवयात चिंता लागली होती, की आपल्या सिद्धांताच्या आधारे निरपराध माणसे तुरुंगात तर जात नसतील ना. म्हणून आज शंका येताच बालरोगतज्ज्ञ सर्व सांगाड्याचे क्ष-किरण चित्र घेतात, रक्ताची तपासणी करवितात, आणि बाळ कसे पडले ते आईला व बापाला निरनिराळे बसवून विचारतात.