दार पाडणारा पाटकरी : ताठरलेले पाय, धास्तावलेले मन आणि दोन औषधांचा इतिहास

#थ्रेड

१/ १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पाटपाण्याचे युग आले. पाण्याइतकेच महत्त्व दाराला आले. पाटकऱ्याने वेळेवर दार पाडले नाही, तर वरच्या शेतात पाणी तुंबते आणि टेलचे शेत कोरडे राहते. मानवी मज्जासंस्थेतही असाच एक पाटकरी आहे. त्याची ओळख पटली ती विसाव्या शतकात.

२/ त्याच्या कामाचे मोल ज्या विकारांत कळते, त्यांपैकी एक म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस). यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. स्नायूंना आवरणारे संदेश क्षीण होतात. पाय लाकडासारखे ताठ होतात, रात्री गोळे येतात. सोबत चिंताही येते : पुढचा झटका कधी, उद्या उभे राहता येईल का?

३/ या विकाराला स्वतंत्र ओळख दिली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्टिन शार्को यांनी, १८६८ मध्ये. दीर्घकाळचे दुःख आणि मनस्ताप यांचा या आजाराशी संबंध असावा, अशी नोंदही त्यांनी केली. शरीर आणि मन यांची गाठ आरंभापासूनच दिसत होती. उपाय मात्र सापडत नव्हता.

४/ शार्को यांनी वापरून पाहिलेल्या औषधांत स्ट्रिकनीन होते, म्हणजे आपल्याकडच्या कुचल्याच्या बियांतील विष. त्यातील विसंगती पुढे उघड झाली. स्ट्रिकनीन मज्जारज्जूतील आवर घालणारी रसायनव्यवस्थाच बंद पाडते. ज्या रोग्याचे दार आधीच सैल झाले होते, त्याचे दार उपचारच उखडू पाहत होता.

५/ भारतात एमएस हा ‘थंड देशांचा आजार’ मानला जाई. मुंबईतील पारशी समाजाच्या अभ्यासांनी या समजाला तडा दिला. जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया यांचा यासंबंधीचा शोधनिबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. एमएस सोसायटी ऑफ इंडिया त्याआधीच, १९८५ मध्ये स्थापन झाली होती.

६/ आता पाटकऱ्याकडे वळू. १९५० मध्ये मेंदूत ‘गॅबा’ नावाचे रसायन सापडले. चेतापेशींच्या उत्तेजनेला आवर घालणे हे त्याचे काम, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. ताठरलेल्या स्नायूला आणि धास्तावलेल्या मनाला शांत करण्याची वाट याच रसायनातून जात होती.

७/ पहिली वाट योगायोगाने सापडली. लिओ स्टर्नबाख हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ १९४१ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत गेले. १९५७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेची आवराआवर सुरू असताना एक पडून राहिलेले संयुग चाचणीला पाठवले गेले. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, बाजारात आले. ते चिंता शमवी आणि स्नायूही सैल करी.

८/ दुसरी वाट अपयशातून निघाली. १९६२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी बॅक्लोफेन तयार केले. गॅबा रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून त्याच्या रेणूत बदल करून हे औषध घडवले गेले. उद्देश होता अपस्माराचा. तिथे ते निष्प्रभ ठरले; मात्र काही रुग्णांच्या स्नायूंचा ताठरपणा उतरल्याचे दिसले. १९७७ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

९/ ही औषधे काम कशी करतात, हे नंतर कळले. १९७७ मध्ये डायझेपाम मेंदूत नेमके कुठे चिकटते ते सापडले. पुढे नॉर्मन बाउरी यांच्या संशोधनातून बॅक्लोफेनची जागा वेगळी असल्याचे दिसले : पहिले ‘गॅबा-ए’, दुसरे ‘गॅबा-बी’. पाटकरी एकच, दारे दोन.

१०/ पण दार फार पाडले तर शेत सुकते. एमएसच्या काही रुग्णांचे अशक्त पाय त्या ताठरपणाच्याच आधाराने उभे असतात. मात्रा वाढली की ताठरपणा जातो आणि पायांतले बळही गेल्यासारखे होते. झोप, सुस्ती येते. म्हणून बॅक्लोफेन थोडक्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. डायझेपामची सवय लागते, हे उमगल्यावर दीर्घकालीन चिंतेसाठी समुपदेशन आणि नैराश्यावरची काही औषधे यांना पसंती मिळू लागली.

११/ खरा धोका गोळी अचानक थांबण्यात आहे. बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यास ताठरपणा दुप्पट जोमाने उसळतो. भास होऊ शकतात, फिट येऊ शकते. डायझेपामच्या बाबतीतही फिट आणि तीव्र घालमेल संभवते. दोन्ही औषधे सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने.

१२/ कायद्याने या औषधांवर आपले दार बसवले. डायझेपाम १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येते. १ मार्च २०१४ पासून ते ‘शेड्यूल एच-१’ मध्येही आहे : दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची. गैरवापर रोखण्यासाठी हे आवश्यकच. मात्र डॉक्टरची चिठ्ठी वेळेत नवी झाली नाही, तर प्रामाणिक रुग्णाचीही गोळी अडते.

१३/ इथे भूगोल आडवा येतो. पुण्यापासून बारामती सुमारे १०० किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. ताठ पायांनी एसटीची पायरी चढणे हीच परीक्षा. त्यात पूर्व पुण्याचा उन्हाळा. उष्णतेने या आजाराची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे सूत्र उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या १८९० मधील निरीक्षणापासून ज्ञात आहे. वैशाखातली दुपार अशा माणसाला घरातच जखडून ठेवते.

१४/ बदल झाले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांत एमएसचा समावेश केला. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही जुना प्रश्न उरतो : टेलपर्यंत पोहोचते का?

१५/ कालव्याच्या पट्ट्यात आवर्तन चुकण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. या दोन गोळ्यांनाही आवर्तन आहे. इंदापूरच्या एखाद्या घरात महिनाअखेरीस पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, तेव्हा तिथे पाण्याच्या पाळीचाच हिशेब चाललेला असतो.

(समाप्त)