मिलोची भाकरी

नगरी जेवण म्हटलं की फोनवर शिपी आमटी आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांचे व्हिडिओ येतात. पारनेरकडच्या आमच्या आजीला विचारलं, तर ती आधी मिलोचं नाव घेते.

१९७२ च्या दुष्काळात ज्वारी हातची गेली. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी येऊ लागली, तीच मिलो. आमच्या शाळूची भाकरी पांढरी, मऊ, तव्यावर टम्म फुगणारी. मिलोची लालसर, खरबरीत, थापताना कडेला चिरा पडायच्या. म्हणून आजी पीठ उकळत्या पाण्यात मळायची. कोरड्यासाला काही नसलं, की मीठ-मिरची.

दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं सुकडी मिळायची. ती आजी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच्यावर पुस्तकं झाली. त्या काळातल्या चुलीबद्दल मात्र आज्यांनाच विचारावं लागतं.

मी मिलोच्या भाकरीची कृती लिहून घ्यायला बसलो, तर आजी म्हणाली, "कृती कशाची? सरपण वल्लं होतं का, ते लिही आधी."