सामन, रावस आणि खडशी

ठाण्याच्या किंवा कल्याणच्या मासळीबाजारांत रावसाची तुकडी घेणाऱ्या गृहिणीला, 'बाई, हा सामन आहे बरें', असें कोणी सांगितलें, तर तिला हसूंच येईल. परंतु मुंबईच्या मोठ्या उपाहारगृहांच्या खाद्यपत्रिकांवर हा आपला रावस 'इंडियन सामन' या नांवानें फार दिवस मिरवत आला आहे. खऱ्या सामनाशी त्याचें कसलेंहि नातें नाहीं. छातीच्या परांखालीं चार लांब दोऱ्यांसारखे तंतू असलेला हा समुद्रांतला व खाडींतला मासा आहे, आणि जन्मतः नर असून पुढें मादी होण्याचा त्याचा स्वभाव तर सामनाच्या स्वप्नांतहि नसेल. नांव पडलें तें मांसाच्या चवीवरून आणि त्याहूनहि अधिक, नांव ठेवणाऱ्यांच्या घरच्या आठवणीवरून. स्कॉटलंडच्या नद्या मागें टाकून आलेल्या साहेबांनीं जिकडे तिकडे सामनाचा शोध केला, आणि खाडींत एक, तर नदींत दुसरा असे दोन 'हिंदी सामन' आपल्या गळीं बांधले. नदींतल्या दुसऱ्याचें मराठी नांव खडशी. ठाणें जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास या दुसऱ्याशी अधिक गुंतलेला आहे.

प्रथम खऱ्या सामनाच्या शिकारीविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. सामन नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास पुन्हा आपल्या नदीकडे परततो. ट्राउट हा त्याचाच भाऊबंद, पण बहुधा गोड्या पाण्यांतच राहणारा. दोघांनाहि थंड पाणी लागतें. उत्तर अमेरिकेंतील समुद्राएवढ्या सरोवरांत उन्हाळ्यांत वरचा थर तापतो, खालीं पाणी गारच राहतें, आणि या दोहोंच्या सांध्याच्या आसपास हे मासे फिरत असतात. कांठावर बसून तेथपर्यंत गळ पोंचत नाहीं. म्हणून नाव माणसाच्या चालीनें हळूहळू चालवावयाची, दोरीला शिशाचें वजन बांधून गळ हव्या त्या खोलीपर्यंत उतरवावयाचा, आणि नावेमागें तो ओढीत न्यावयाचा, अशी तेथली रीत आहे. गळाला खाद्य असतेंच असें नाहीं. चमच्याच्या वाटीसारखा धातूचा चकचकीत पत्रा पाण्यांत लटपटत जातो, आणि जखमी मासोळी पळते आहे असें वाटून मोठा मासा त्यावर झडप घालतो. कोळी लोकांना ही कल्पना अपरिचित नाहीं. चालत्या होडीमागें गळ सोडून सुरमई धरण्याची चाल आपल्या किनाऱ्यावरहि आहे. परंतु आपले कोळी हें काम पोटासाठीं करतात, आणि साहेब तें सुटीसाठीं करीत.

तथापि सुटीचा गळ हा साहेबांनीं आणला, असें मानणें मात्र चुकीचें होईल. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोद नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत निरनिराळ्या माशांच्या जाती, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, प्रत्येकाला आवडणारें खाद्य, गळ, दोरी व काठी यांचें वर्णन केलें आहे. मासे एका जागीं जमावेत म्हणून त्यांना आधीं कांहीं दिवस चारा घालावा, हेंहि राजा सांगतो. इंग्रजी भाषेंत गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील निबंध निघाला तो इ. स. १४९६ मध्यें. म्हणजे सोमेश्वर साडेतीन शतकांनीं पुढें होता. या ग्रंथाची संहिता बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून श्रीगोंदेकरांनीं संपादून छापली, आणि त्यांतल्या मत्स्यविनोदाकडे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें विद्वानांचें लक्ष वेधलें. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. सोमेश्वराची राजधानी कल्याण ही ठाणें जिल्ह्यांतील कल्याण नव्हे. ती आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याण होय. आपल्या कल्याणकरांना हा मान आपलासा करण्याचा मोह होतो खरा, पण त्या काळीं उत्तर कोंकणांत शिलाहार राज्य करीत होते, आणि त्यांचें वैभव पाहावयाचें तर वालधुनीच्या कांठचें अंबरनाथाचें देऊळ, जें इ. स. १०६० मध्यें पुरें झालें, तेंच पुरेसें आहे.

ब्रिटिश अमदानींत ठाणें जिल्ह्याला मोठीं तळीं मिळालीं तीं मुंबईच्या तहानेमुळें. साष्टी तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होता, १९२० पर्यंत. तेथें विहार तलाव १८६० मध्यें पुरा झाला, तुळशी १८७९ मध्यें, आणि पवई १८९० च्या सुमारास. पुढें शहापूर तालुक्यांतील तानसा १८९२ मध्यें वाहता झाला. पवईचें पाणी पिण्याच्या कसोटीस उतरलें नाहीं, आणि त्यामुळेंच तो तलाव गळवाल्यांच्या वांट्यास आला. १९३६ मध्यें मुंबई इलाख्यांतील गळाच्या शौकिनांची संस्था तेथें स्थापन झाली. तीच आज महाराष्ट्र राज्याच्या नांवानें चालते. गंगेच्या खोऱ्यांतले कटला, रोहू व मृगळ या तलावांत सोडण्यांत आले आणि चांगले पोसले. मगरीहि तेथें आहेत, पण त्यांना कोणी बोलावलें नव्हतें.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट अशी, कीं एवढे तलाव, एवढे साहेब आणि एवढे गळ असूनहि नावेमागें चमचा ओढण्याची रीत येथें कां रुजली नाहीं? कारण माशाच्या तोंडांत आहे. कटला पाण्यांतील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ व वनस्पती खातो, मृगळ तळचा गाळ चाळतो. यांपैकीं एकहि पळत्या मासोळीच्या मागें धांवणारा नव्हे. त्यांना कणकेचा गोळा व धीर हीं दोनच आमिषें चालतात. आणि ट्राउट आणून सोडावा म्हटलें, तर पाण्याचा उष्मा आड येतो. पंचवीस अंशांच्या पुढें पाणी गेलें कीं ट्राउटाचा जीव कासावीस होतो, आणि आपल्या तळ्यांचें वरचें पाणी वर्षांतील बराच काळ त्या मर्यादेच्या पलीकडेच असतें. हिंदुस्थानांत ट्राउट रुजला तो उंचावर. काश्मिरांत १८९९ मध्यें आणलेलीं अंडीं वाटेंत मेलीं आणि १९०० मध्यें आणलेलीं जगलीं. नीलगिरींत फ्रान्सिस डे यानें १८६० नंतरच्या दशकांत केलेला प्रयत्न फसला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं विल्सन यानें तो तडीस नेला. माथेरानच्या डोंगरालाहि तेवढी उंची नाहीं, मग ठाण्याच्या मैदानाची गोष्टच नको.

तेव्हां चमच्यावर झडप घालणारा, प्रवाहाविरुद्ध झुंजणारा आणि गरम मुलुखांत राहणारा मासा हवा असेल तर तो खडशीच. हा कार्प कुळांतला आहे, म्हणजे रोहूचा नातलग, सामनाचा नव्हे. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ, आणि दगडगोट्यांतून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्याची आवड. पावसाळ्यांत तो नदीच्या वरच्या अंगास चढतो व अंडीं घालतो. या एका सवयीवरून साहेबांना सामन आठवला असल्यास नवल नाहीं. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानें १८७३ मध्यें हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर मोठा ग्रंथ लिहिला. वजनास वजन लावून पाहतां हा मासा सामनापेक्षां अधिक झुंज देतो, असें त्यानें त्यांत निक्षून सांगितलें.

शास्त्रानें मात्र त्याला मराठी नांवच दिलें, आणि त्याचें श्रेय कर्नल विल्यम हेन्री साइक्स याला आहे. मुंबई सरकारनें १८२४ मध्यें त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमलें होतें. पिकें, पर्जन्य, पक्षी यांबरोबर त्यानें मासेहि गोळा केले, आणि भीमेच्या खोऱ्यांतील कोळ्यांच्या तोंडचीं नांवें लॅटिन वेषांत तशींच ठेवलीं. 'खुद्री', 'कोळस', 'शिंगटी' हीं नांवें आजहि जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. खुद्री म्हणजेच आपली खडशी. तिचा पहिला नमुना पुण्याच्या पूर्वेस सुमारें ८ मैलांवर मुळामुठेंत मिळाला, आणि नांव १८३९ मध्यें प्रसिद्ध झालें. अडाणी म्हणून ज्या कोळ्याकडे कोणी पाहिलें नसतें, त्याचा शब्द अशा रीतीनें अमर झाला. साइक्सला त्यांचीं घरगुती नांवें मोडून आपल्या मित्रांचीं नांवें घालणें सहज शक्य होतें. कांहीं माशांच्या बाबतींत त्यानें तें केलेंहि. परंतु पुष्कळांच्या बाबतींत केलें नाहीं.

पुढील प्रकरण घडलें तें घाटमाथ्यावर, पण त्याचें पाणी कल्याणास येतें. टाटांनीं लोणावळ्याचीं धरणें बांधून १९१५ मध्यें खोपोलीस वीज काढली. त्यानंतर आंध्रा नदी ठोकरवाडीस अडवून १९२२ मध्यें भिवपुरीचें वीजघर सुरू केलें. वीज काढून सुटलेलें हें पाणी उल्हास नदींत पडतें. जें पाणी इंद्रायणींतून भीमेस व भीमेतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जावयाचें, तें बदलापूर, कल्याण आणि डोंबिवली यांच्या नळांतून वाहूं लागलें. डोंबिवलींत सकाळीं चहा करणाऱ्या किती घरांना ठाऊक असेल, कीं त्या पातेल्यांत मावळचें पाणी उकळत आहे?

धरणांनीं खडशीची वरची वाट बंद झाली. अंडीं घालण्याच्या उथळ वाळूगोट्यांच्या जागा पाण्याखालीं गेल्या, आणि सुरुंगाच्या दारूनें मासे मारणाऱ्यांनीं उरलेलें काम केलें. राज्याच्या मत्स्यखात्याचे एके काळचे संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांना या ऱ्हासाची काळजी वाटली. त्यांनीं १९७० च्या सुमारास खडशीची कृत्रिम पैदास साधली, आणि श्री. ओगले यांच्यासह लोणावळ्यास टाटांच्या वळवण येथील केंद्रांत ती वाढविली. या दोघांनीं काढलेली एक युक्ति तर फारच सोपी होती. फलित अंडीं पाण्यांत न ठेवतां ओल्या कापसांत गुंडाळून दूरवर पाठवावयाचीं. पाण्याचें ओझें गेलें, आणि सह्याद्रीची खडशी विमानानें प्रवास करूं लागली. दूरदूरच्या राज्यांकडून मागण्या आल्या.

त्यांतलीच एक मागणी कावेरीची होती. कावेरींत पाठीवर उंचवटा असलेला एक वेगळाच, फार मोठा मासा राहत असे. १९४६ मध्यें म्हैसूरकडील कबिनी नदींत व्हॅन इंगेन यानें धरलेला एक १२० पौंडांचा होता. त्याची संख्या घटूं लागल्यामुळें १९७० नंतरच्या काळांत तेथें लोणावळ्याचीं पिलें सोडण्यांत आलीं. हेतु चांगला होता. दोन्ही एकाच वंशाचे मासे आहेत, तेव्हां भर पडेल, एवढाच विचार त्यामागें होता. परंतु नवीं आलेलीं पिलें फोफावलीं, आणि मूळचा मासा गळाला लागेनासा झाला. शेवटीं २०१८ मध्यें संशोधकांनीं सिद्ध केलें, कीं त्या मुळच्या माशाची जात केरळांतील पांबारच्या माशावरून ठेवलेल्या 'रेमादेवी' या नांवाचीच आहे. त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. जाळीं, सुरुंग व धरणें हीं कारणें होतींच, पण पाहुणी खडशी हेंहि एक कारण मानलें जातें. अमेरिकेच्या मिशिगन सरोवरांतहि १९६६ मध्यें प्रशांत महासागरांतला सामन मुद्दाम सोडला होता. तेथें मूळचा ट्राउट आधींच नाहींसा होत आला होता, म्हणून तो प्रयोग यशस्वी म्हणून गाजला, आणि नावेमागें गळ ओढणाऱ्यांची तेथें गर्दी झाली. कावेरींत मूळचा धनी अजून घरांत होता. हा फरक लहान नाहीं. कुलकर्णी व ओगले यांना यांत दोष देणें अन्यायाचें होईल, कारण कावेरीचा मासा निराळा आहे हें शास्त्रानें सिद्ध केलें तें त्यांच्या कामानंतर चाळीसहून अधिक वर्षांनीं.

उल्हास नदीचें पुढें काय झालें तें कल्याणकरांस सांगावयास नको. उल्हासनगर व अंबरनाथ येथील कारखान्यांचें पाणी वालधुनींतून येऊन तींत मिसळतें, आणि अंबरनाथाच्या देवळाशेजारून वाहणारा तो ओढा आतां नाक धरून ओलांडावा लागतो. तेथें खडशी शोधण्यांत अर्थ नाहीं.

परंतु वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें ती अजून आहे. वाड्याजवळचें हें गांव २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, आतां तें पालघरांत गेलें. तेथें तिळसेश्वराचें देऊळ आहे आणि त्याच्या पायथ्याशीं नदीचा डोह. डोहांतले मासे देवाचे, म्हणून त्यांना कोणी धरीत नाहीं. नदीच्या वरच्या अंगास १९५७ मध्यें मुंबईसाठीं मोडकसागर बांधला गेला, तरी डोहाची ही रूढी मोडली नाहीं. महाडजवळच्या वाळण कोंडींतहि अशीच रूढी आहे. सोमेश्वरानें मासे जमविण्यासाठीं चारा घालावा म्हणून सांगितलें होतें, तें पुढें गळ टाकण्यासाठीं. तिळशाचे यात्रेकरूहि चुरमुरे व फुटाणे टाकतात, आणि सोनेरी खवल्यांचीं मोठमोठीं अंगें पायरीच्या अगदीं कडेपर्यंत येऊन तोंडें उघडतात. यात्रेकरू आणखी मूठभर टाकून देवळाकडे वळतात.