शाहूपुरीतली चार कपाटं

साल १९६८. पावसानं जरा उघडीप दिलीय आणि तुम्ही भाऊसिंगजी रोडनं भवानी मंडपाकडं निघालाय. सायकलींच्या घंटा, टांग्याच्या घोड्याच्या टापा, हातात ओली छत्री. तसेच करवीर नगर वाचन मंदिरात शिरा. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी माणसं दाटीनं बसलीत. एकाचं वाचून होईतो दुसरा त्याच्या खांद्यावरून मथळे उरकून घेतोय. तुम्ही देवघेवीच्या रांगेत उभे राहा. तुमच्या पुढं एक तरुण मास्तर आहे आणि त्याच्या पुढं एक शिक्षिका. दोघांची ओळख नाही.

"'मृत्युंजय' आलंय?" मास्तर खिडकीत वाकून विचारतो.

"आलंय, पण ते ह्या बाईंच्या नंबरावर गेलं."

मास्तर तिच्याकडं वळतो. "तुमचं वाचून झालं की मला सांगाल काय?"

"नंबर लावा की. नंबरानं मिळंल."

कादंबरी गेल्या वर्षी बाहेर पडलीय. लेखक शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे, इथंच राजाराम हायस्कुलात शिकवतात. त्यामुळं कर्णाची ही कथा कोल्हापूरला घरची वाटते. बाई पुस्तक पिशवीत घालून निघतात. मास्तर नंबर लावतो. हीच दोघं पुढं एका घरात चार कपाटं भरणार आहेत. पण आज त्यांच्यापैकी कुणाकडंच स्वतःची दहा पुस्तकंही नाहीत. ती सगळी या खिडकीतून येतात नि या खिडकीतून परत जातात.

ज्या खिडकीशी तुम्ही उभे आहात, ते वाचनालय १८५० सालचं. मुंबई विद्यापीठ निघालं त्याच्या सात वर्षं आधीचं. तिथवर जायला आपल्याला वेळ नाही, पण १९४५ सालात मात्र क्षणभर थांबा. कोल्हापूर संस्थानानं त्या वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतात असा कायदा तोवर कुठंच झालेला नव्हता. मद्रासचा १९४८ साली आला, आपल्या महाराष्ट्राचा १९६७ साली. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. वाचायला शिकलेल्या माणसाला पुढं वाचायला काहीतरी मिळालं पाहिजे, हे या संस्थानानं देशात सगळ्यांच्या आधी कायद्यात आणलं. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्या कायद्याची आठवणही मागं पडली. तांबडा-पांढरा रस्सा नि कुस्ती यांच्या जोडीनं कोल्हापूरकरांनी ही गोष्टही छाती फुगवून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता १९७६ चा सप्टेंबर. शाहूपुरीतल्या एका खोलीत तुम्ही चटईवर बसलाय. मास्तरांना आता गल्लीत 'सर' म्हणतात आणि शिक्षिकेला 'बाई'. स्टोव्हवर कणकेची खळ शिजतेय. बाईंनी तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलाय, म्हणजे कसर लागत नाही. सर खाकी कागद मापात कापतायत. 'ययाति'ला कव्हर चाललंय. दोनच वर्षांपूर्वी या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. आणि याच महिन्याच्या दोन तारखेला तिचे लेखक खांडेकर गेले. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेल्यावरही ते मजकूर सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेत. बाई ब्रशनं खळ लावता लावता मध्येच थांबतात. "डोळे गेल्यावर माणूस वाचल्याशिवाय कसा ऱ्हात असंल हो?" सर काही बोलत नाहीत. कागदाची घडी बोटानं दाबून धरतात.

भिंतीशी पहिलं कपाट आहे, लाकडी, दुसऱ्याच्या घरातून आलेलं. त्यात काय येणार याचा या घरात नियम आहे. पुस्तक आधी वाचनालयातून आणायचं. दोघांनी वाचायचं. परत करताना ज्याच्यावरून हात निघत नाही, तेवढंच पगारातून विकत घ्यायचं. म्हणून तुम्ही या कपाटातलं कुठलंही पुस्तक काढा, 'स्वामी' काढा की शंकर पाटलांच्या कथा काढा, ते घरात येण्याआधीच दोघांचं वाचून झालेलं आहे. पहिल्या पानावर सरांच्या निळ्या शाईत नाव, तारीख आणि विकत घेण्याचं कारण, एका ओळीत. 'मृत्युंजय' मात्र दोन आहेत. लग्नाआधी दोघांनीही आपापली प्रत घेतलेली होती, आणि कुणी कुणाची विकू दिली नाही.

पुढची वर्षं भरभर जाऊ द्या. १९८२ साली 'सत्यकथा' मासिक बंद होतं आणि जुने अंक बांधणीला जातात. 'झोंबी' येते. आनंद यादव कागलचे, त्यामुळं बाई ती शाळेत वर्गावर मोठ्यानं वाचतात. १९९२ साली साहित्य संमेलन गावातच भरतं आणि दुसरं कपाट एका आठवड्यात भरतं. निवृत्तीच्या पैशातून खोलीचं घर होतं, दोनाची चार कपाटं होतात.

आणि आता २०१९ चा ऑगस्ट. इथं जरा सावकाश उतरा, पायाखाली पाणी आहे.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर जाणार आहे. व्हीनस कॉर्नर बुडालाय, महामार्ग शिरोलीशी बंद, गल्लीत बोटी फिरतायत. वीज नाही. पंचाहत्तरीचे सर जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे आहेत आणि बाई खालून पुस्तकं देतायत. तुम्हीही हात लावा. वरचे कप्पे आधी काढू नका, खालचे काढा. पण खालच्याच कप्प्यात सगळ्यात जुनी पुस्तकं आहेत, पहिल्या कपाटातली, आणि पाणी तिथं आधीच पोचलंय.

पाणी ओसरल्यावर घरभर दोऱ्या बांधल्यात. ऊन दाखवायचं नाही, उन्हानं कागद कडक होऊन तडकतो. वारा द्यायचा. पानापानांत कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं आता उघडतच नाहीत, पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालीय. साध्या कागदाची मात्र वाचली. 'मृत्युंजय'ची एक प्रत उचला आणि पहिलं पान उघडा. छपाईची शाई तेलातली, तिला काही झालेलं नाही, अक्षर न् अक्षर जागेवर आहे. सरांची निळी शाई पाण्यातली. नाव, तारीख, कारण, सगळं विरघळून पानभर फिकट डाग पसरलाय. दुसऱ्या प्रतीचंही तेच. कुठली कुणाची हे आता पहिल्या पानावरून कळायचं नाही. बाई चष्मा लावून आतली पानं उलटतात. एका प्रतीत ओळींखाली शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. त्या पाण्याला दाद देत नाहीत.

"ही माझी," त्या म्हणतात.

आता आजच्या दिवसात या. सरांना काचबिंदू झालाय. दुपारी चहा झाला की बाई तासभर मोठ्यानं वाचतात. सर भिंतीला टेकून ऐकतात आणि एखादा शब्द गाळला तर लगेच अडवतात. पूर आणखी एकदा, २०२१ साली, येऊन गेला. त्या वेळी पुस्तकं आधीच वर होती. पण दोघांच्या मागं ती कुणी वर न्यायची, हा प्रश्न घरात उघडपणे बोलला जातो. मुलं परगावी आहेत. सरांच्या मनात ही पुस्तकं आपल्या गावच्या हायस्कूलला द्यायचं आहे, आणि त्यासाठी यादी करायची आहे. पेन काढा, तुम्हीच लिहून घ्या. सर कपाटाकडं न बघता नावं सांगतात, कप्प्याच्या क्रमानं, आणि बाई हात लावून खात्री करतात. दोन-तीन ठिकाणी क्रम चुकतो, तो पुरानंतर बदललेला असतो.

'मृत्युंजय'पाशी गाडी अडते.

"पेन्सिलीची राहू दे," सर म्हणतात. "माझी शाळंला द्या."

"शाळंच्या कपाटाला कुलूप असतंय," बाई तुमच्याकडं वळून म्हणतात. "किल्ली कुणाकडं असती आणि पोरांना कुठल्या वारी उघडून देतात, ते आधी विचारून या. मग पाठवू."