पद मंजूर झाले, माणूस कोठून आणावा?

के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, नोकरीनिमित्त बेंगळूरुला स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तारांच्या पुलामुळे, टिन फॅक्टरीजवळच्या कोंडीमुळे आणि २०२३ मध्ये तेथवर पोहोचलेल्या मेट्रोमुळे परिचित आहे. २००७ पर्यंत तेथे स्वतंत्र नगरपालिका होती. या गावातील एचआयव्हीबाधित व्यक्तीला २००४ साली मोफत सरकारी उपचार हवे असतील, तर शहर ओलांडून शिवाजीनगरातील बोअरिंग व लेडी कर्झन रुग्णालय गाठावे लागे. त्या वर्षी १ एप्रिल रोजी केंद्र शासनाने देशातील ज्या मोजक्या रुग्णालयांत ही औषधे सुरू केली, त्यांत कर्नाटकातील हे एक आणि मुंबईचे जे. जे. दुसरे.

औषधांची खरेदी निविदेने होते. रुग्णाच्या शेजारी बसून ती आयुष्यभर घ्यायची आहेत हे समजावणारा माणूस निविदेने मिळत नाही. एड्स नियंत्रणाच्या प्रशासकीय इतिहासात या प्रश्नाकडे फारसे कोणी वळून पाहिलेले नाही.

भारतात संसर्गाचे निदान प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत झाले. ‘नाको’ची स्थापना १९९२ ची. मधल्या आणि नंतरच्याही वर्षांत अनेक रुग्णालयांचा अनुभव सारखाच होता. रुग्णाची खाट कोपऱ्यात सरकवली जाई, केसपेपरवर ठळक खूण केली जाई, शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाई. डॉक्टर व परिचारिकांच्या मनात करुणा कमी आहे, असे निदान करून वरिष्ठांनी व्याख्याने योजली. माझ्या मते हे निदान अर्धेच बरोबर होते. हातमोज्यांचा पुरवठा अपुरा असेल, तर करुणेचे व्याख्यान ऐकणारी परिचारिका मनात काय म्हणत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

वास्तविक, बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे ३ असते. कावीळ ‘ब’च्या बाबतीत ती कितीतरी अधिक असते. त्या काविळीच्या रुग्णाला मात्र कोणी दारातून परत पाठवीत नसे. सुई टोचल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेपाशी आहे, एवढी खात्री दहा परिपत्रकांहून अधिक उपयोगी पडते.

शासनाआधी काही जण या कामास पुढे आले होते. बेंगळूरुच्या याच पूर्व कडेला, सर्जापूर रस्त्याजवळ कार्मेलाराम येथे, कॅमिलियन धर्मसंघाने १९९७ मध्ये ‘स्नेहदान’ हे सेवाकेंद्र उभारले. या संघाचे सदस्य नेहमीच्या तीन व्रतांखेरीज चौथे व्रत घेतात: जिवाला धोका असला तरी रुग्णसेवा करण्याचे. शासनाला भरतीच्या जाहिरातीत अशी अट घालता येत नाही, आणि घालूही नये.

शासनाने मार्ग काढला तो निराळा. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात, १९९९ पासून, राज्याराज्यांतील एड्स नियंत्रण संस्था नोंदणीकृत ‘सोसायटी’च्या रूपात काम करू लागल्या. निधी कोषागाराच्या वळणावळणाच्या वाटेने न येता थेट येऊ लागला. समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची नेमणूक आकृतिबंधाची वाट न पाहता कंत्राटी पद्धतीने होऊ लागली. वेगाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम ठरली. या सोयीची किंमत मात्र पुढे नेमलेल्यांनी मोजली. रुग्णाची औषधे आयुष्यभराची आणि त्याचे गुपित जपणाऱ्या समुपदेशकाची नेमणूक वर्षाची, अशी विसंगती तयार झाली.

या रचनेतील एक पद मात्र मला आजही विलक्षण वाटते. एआरटी केंद्रांच्या पदरचनेत काळजी समन्वयक हे पद ठेवले गेले आणि ते शक्यतो एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीनेच भरावे, असे ठरले. आरोग्यसेवक कोठून आणावा, या प्रश्नाचे हे उत्तर रुग्णांच्या रांगेतच सापडले होते. नव्याने निदान झालेला, घरी कोणाला काय सांगावे या चिंतेत असलेला मनुष्य केंद्रात येतो, तेव्हा समोरचा सांगतो, “मीसुद्धा हीच गोळी घेतो.” याला पर्यायी पात्रता कोणत्या विद्यापीठाने द्यावी? शिवाय, शेजारच्या टेबलावर बाधित सहकारी रोज काम करीत असल्याने डॉक्टर व परिचारिकांची भीतीही कोणत्याही प्रशिक्षणाविना ओसरू शकते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने उपचार नाकारणे आणि नोकरीतील भेदभाव या दोहोंना मनाई केली. चर्चा बहुधा या कलमांचीच होते. त्याच कायद्याने आरोग्यसंस्थांवर कर्मचाऱ्यांना सुरक्षासाधने, प्रतिबंधक औषधे व प्रशिक्षण पुरविण्याचे बंधनही घातले आहे. २० किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक आहे. इतर आस्थापनांसाठी हा आकडा १०० आहे. म्हणजे मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयालाही ही जबाबदारी टाळता येत नाही. समन्वयक आणि समुपदेशक यांच्या कंत्राटाच्या मुदतीविषयी मात्र हा कायदा काहीच बोलत नाही.